पळत आलेल्यांचं तूप

चिक्कडपल्लीत आमच्या कोपऱ्यावर इडलीची बंडी लावणारे काका मूळचे नांदेडकडचे. इडलीवर तूप सोडण्याआधी ते गिऱ्हाईक आलं कसं, ते बघतात. माझी लेक स्कूटरवरून उतरली की तिला अर्धाच चमचा. "लेकरू पळालं की तूप लगेच जळतं, बसून राहिलं की अंगावर चढतं. नक्को ते!"

मी रोज वैतागायचो. परवा मात्र स्कूटर घरीच ठेवली. लेक पुढे पळाली, मी मागून चालत गेलो. धापा टाकणाऱ्या पोरीला त्यांनी चमचा काठोकाठ भरून तूप वाढलं. मग मीही आशेनं प्लेट पुढे केली. माझ्या पोटाकडे बघत त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं.

"भाऊ, तुमचं अजून मागचंच जळायचंय," म्हणाले. चटणी मात्र दोनदा वाढली.