दोन जावा, दोन गटारं

म्हशींच्या त्या मोठ्या गोठ्यात थोरली कामाला लागली, तेव्हा धाकटी जाऊ घरात यायची होती. शेणामुताचं पाणी गटारातून खड्ड्यात लोटायचं, हे थोरलीचं काम. पाऊस आला की गोठ्याच्या पत्र्यावरचं पाणीही त्याच गटारात उतरायचं, खड्डा भरून वाहायचा आणि शिव्या थोरलीला पडायच्या.

धाकटी दूध काढायला आली आणि महिनाभरात गोठ्याच्या मालकाला म्हणाली, "पत्र्याला पन्हळ लावा की! स्वच्छ पाणी दुसऱ्या गटारानं हौदात सोडू. म्हशींना प्यायला होईल, खड्डाही भरणार नाही."

पन्हळ लागली. खड्डा भरून वाहायचा थांबला. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला हौद दाखवायचा. घरी सासूबाई म्हणाल्या, "डोकं आहे हो पोरीला!" थोरलीची तव्यावरची पोळी करपली. इतकी वर्षं फावडं मारून तिच्या हाताला घट्टे पडले, त्याचं कुणाला काही नाही!

एका दुपारी पाऊस कोसळला. घाण पाण्याच्या गटारात वैरणीचा बोळा अडकलेला थोरलीनं पाहिला. फावडं हातातच होतं. पाणी चढलं, दोन्ही गटारांमधला बुटका कठडा ओलांडून स्वच्छ गटारात पडलं आणि तिथून हौदात गेलं. ती बघत राहिली. बरं वाटलं तिला, अगदी पोटातून.

हौदातलं पाणी चहासारखं झालं. म्हशी तोंड लावेनात. मालक धाकटीवर कडाडला, "हीच का तुझी अक्कल?"

धाकटी मान खाली घालून म्हणाली, "चूक माझीच. जाऊबाई म्हणाल्या होत्या, गटाराला जाळी बसव. मीच मनावर घेतलं नाही."

थोरली असं कधीच म्हणाली नव्हती. मालकानं वळून तिच्याकडे जरा आदरानं पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगुलपणातही हिनंच बाजी मारावी?

दोघी हौद उपसायला उतरल्या.

"बोळा मला दिसला होता," थोरली एकदम म्हणाली.

"माहितेय. मी दूध काढत होते तिथून तुम्ही दिसत होता."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं. मला ही गटारं जमतात होय?" धाकटी वैतागून म्हणाली. "आणि उपकार-बिपकार समजू नका. राग आलाय मला तुमचा. ती बादली द्या इकडं."

थोरलीनं बादली दिली. धाकटी रागावली आहे हे कळल्यावर तिला का कोण जाणे, जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकाकडून लोखंडी जाळी मागून घेतली आणि स्वतः बसवली. संध्याकाळी सासूबाईंनी धाकटीचं काहीतरी कौतुक केलंच. थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलं. पण या वेळी पोळी तिनं वेळेवर उलटली.