पाहुण्या मालाच्या साळवे बाई

साळवे बाईंना ‘इत्यादी’ हा शब्द खपत नसे. ‘वगैरे’सुद्धा नाही. कागदावर तर नाहीच, बोलण्यातही नाही. एकदा मी ऑफिसातल्या सगळ्यांना घरी बोलावलं आणि म्हटलं, “संध्याकाळी या, चहा-वडे वगैरे करते.” बाईंनी जेवणाचा डबा बंद करता करता विचारलं, “वगैरेत काय आहे? शिरा असेल तर मी आता कमी जेवते.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांना खरोखर माहिती हवी होती. मी शिरा केला.

भिंगारला लष्कराच्या एका डेपोत बाई स्टोअर क्लार्क होत्या. अख्खी नोकरी तिथंच झाली. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात नगरला आमच्या ऑफिसात रुजू झाल्या. शेतीच्या यंत्रांची प्रदर्शनं भरवणं हा आमचा धंदा. मालक शेखर सर. मी कृषी अभियांत्रिकी शिकलेली, त्यामुळे कुठलं यंत्र कुठं उभं करायचं आणि लोकांना कसं दाखवायचं हे माझ्याकडे. परदेशातून येणाऱ्या यंत्रांचे सरकारी कागद बाईंकडे. टेम्पोवाले त्यांना ‘कागदवाल्या बाई’ म्हणत.

हे कागद म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. परदेशी कंपनी यंत्र विकायला नाही, नुसतं दाखवायला आणते, तेव्हा सरकार त्यावर आयातशुल्क घेत नाही. पण त्याला अटी असतात. प्रदर्शनाला आधी मान्यता पाहिजे. आलेल्या प्रत्येक वस्तूची यादी पाहिजे. परवानगीत ज्या जागेचं नाव, तिथंच माल राहिला पाहिजे आणि मुदतीत सगळाच्या सगळा परत गेला पाहिजे. मालाबरोबर एक पुस्तिका येते, तिला कार्नेट म्हणतात. नव्या माणसाला बाई समजावून सांगत, “कार्नेट म्हणजे यंत्राचा पासपोर्ट. आणि यंत्र म्हणजे आपला पाहुणा. पाहुण्याला नीट बसवायचं, चार लोकांची ओळख करून द्यायची आणि सुखरूप घरी पोचवायचं. त्याला शेतात राबायला न्यायचं नसतं.”

हात लावल्याशिवाय वस्तू लिहायची नाही, ही त्यांची शिस्त. एका वर्षी कंपनीने यादीत लिहून पाठवलं होतं, ‘सुटे भाग, एक खोकं’. माल अजून तिकडे जहाजावर चढायचा होता. बाईंनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, पलीकडच्या माणसाला खोकं उघडायला लावलं आणि एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढे धरायला लावली. “हे काय?” “पाना,” मी म्हटलं. “कसला पाना? मनीषा, पान्यांनाही नावं असतात. तू शिकलेली ना?” माझे कान लाल झाले. पण बंदरावर अधिकाऱ्याने तेच खोकं उघडलं, यादी शेजारी धरली आणि शेवटपर्यंत एकदाही मान वर करून आम्हाला काही विचारलं नाही.

सरकारी टेबलापुढे बाई कशा उभ्या राहत, ते पाहण्यासारखं होतं. सुती साडी, खांद्याला लावलेली पर्स, स्वतःचं पेन. “साहेब, जरा बघा ना,” असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या म्हणत, “विनंती करावी, गयावया करू नये. गयावया केली की समोरच्याला वाटतं, कागदात खोट आहे.”

त्यांच्या शेवटच्या प्रदर्शनात इटलीहून ऊस तोडायचं यंत्र आलं. ऊसतोडणीची मोठी यंत्रं आपल्याकडे फिरतात, पण हे छोटं होतं. दोन-तीन एकरवाल्याच्या सरीत सहज वळेल असं. मला त्याचं फार अप्रूप होतं. उद्घाटनाला तीन दिवस होते, मंडपाचं काम चाललं होतं, आणि श्रीगोंद्याकडचे आबा यंत्र बघायला आले. आबा म्हणजे ट्रॅक्टरचे मोठे विक्रेते आणि स्वतःही मोठे ऊसवाले. प्रदर्शनातली सगळ्यात मोठी जागा त्यांची.

आबा यंत्राभोवती दोनदा फिरले आणि शेखर सरांना म्हणाले, “दोन दिवस माझ्या मळ्यात पाठवा. उभा ऊस हाय. कसं चालतं बघू, उद्घाटनाला परत आणून देतो.”

शेखर सर लगेच हो म्हणाले. खरं सांगायचं तर मीही मनातून हो म्हटलं. मंडपात सतरंजीवर उभं राहिलेलं यंत्र बघून कुणाला काय कळणार? ते उसात चालताना मला बघायचं होतं.

बाई खुर्चीवर बसून याद्या लावत होत्या. त्या म्हणाल्या, “नाही जायचं. परवानगी या मैदानाची आहे.”

आबा हसले. “बाई, तितं मळ्यात कोन बघतंय?”

“मी बघतेय,” बाई म्हणाल्या.

आबांचा चेहरा उतरला. बाहेर जाताना ते शेखर सरांना एवढंच म्हणाले, “यंत्र येत नसंल तर माझा मंडपबी गुंडाळा.” सर घामाघूम झाले. आबा गेले असते तर त्यांच्यामागे आणखी चार जण गेले असते आणि त्या वर्षीचं प्रदर्शन बसलंच असतं. पण सर बाईंवर ओरडले नाहीत. ओरडले मीच.

“तुमच्या कागदांमुळे सगळं अडतं, बाई!” मी म्हटलं. “एवढ्या लांबून यंत्र आलंय. लोक येणार, त्याचा रंग बघणार आणि घरी जाणार. मग त्याला आणलं कशाला? याद्या करायला?”

मंडपवाले हातातलं काम थांबवून बघत राहिले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मैदानाच्या कुंपणापलीकडे बघितलं. तिथं एका शेतकऱ्याचा अर्ध्या एकराचा ऊस उभा होता आणि पुढं ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या.

“ते शेत कुणाचं, विचारून ये,” त्या मला म्हणाल्या. “आणि उद्या सकाळी तारकपूर स्टँडवर ये. पहिल्या गाडीने मुंबईला जाऊ.”

शेतकरी तयार झाला, त्याने संमती लिहून दिली. एसटीत बाईंनी मांडीवर पर्स ठेवून त्यावर अर्ज लिहिला, एकाच पानाचा. शेताचा गट नंबर, मैदानाच्या कुंपणापासूनचं अंतर, प्रात्यक्षिकाची वेळ सकाळी नऊ ते अकरा, यंत्र कुठल्या फाटकातून जाणार, कोण बरोबर असणार. आमची आदल्या दिवसाची भांडाभांडी झालेली, त्यामुळे प्रवासात आम्ही फारसं बोललो नाही. माळशेज घाटात त्यांनी मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, मी तो मुकाट्याने खाल्ला.

मुंबईत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी तरुण होते, पण कडक होते. त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. “मॅडम, ही जागा मूळ परवानगीत नाही.”

“म्हणूनच आलेय, साहेब. जागा वाढवून मागतेय.”

“प्रदर्शन मंडपात असतं.”

“ऊस मंडपात उगवत नाही, साहेब.”

अधिकाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं, मग अर्ज पुन्हा ओढला. या वेळी त्यांनी तो सावकाश वाचला. तोडलेला ऊस कुठे जाणार, असं विचारलं. बाई म्हणाल्या, “शेतकऱ्याच्या नेहमीच्या कारखान्याला. तिसऱ्या ओळीत लिहिलंय.” त्यांना ती ओळ सापडली. ते थोडे हसले आणि म्हणाले, “दोन दिवसांनी या.” मी परत आले. बाई दोन दिवस ठाण्याला नातेवाइकांकडे राहिल्या आणि परवानगी घेऊनच नगरला परतल्या.

तोवर आबांचा मंडप उतरला नव्हता. परवानगीचा प्रयत्न चाललाय एवढं कळल्यावर आबा थांबले होते. पण परवानगी आपल्या मळ्याची नसून कुंपणापलीकडच्या अर्ध्या एकराची आहे, हे कळल्यावर ते भडकले. “मी म्हनलं काय, तुमी केलं काय!”

बाई म्हणाल्या, “तुमच्या मळ्यात तुम्ही एकट्यानं बघितलं असतं. प्रदर्शन म्हणजे सगळ्यांना दिसलं पाहिजे, आबा. तुम्हीपण या. पुढं जागा धरून ठेवते.”

आबा आले. शेवटच्या दिवशी सकाळी बांधावर ही गर्दी. शेतकरी, कॉलेजची मुलंमुली, पत्रकार. आणि कोप्यांतले ऊसतोड कामगार, हातातला कोयता तसाच. त्यांना कुणी बोलावलं, ते मला नंतर कळलं. बाई आदल्या दिवशी कोपी-कोपीवर जाऊन सांगून आल्या होत्या.

यंत्र सरीत शिरलं. बुडख्याशी ऊस कापत, पाचट मागे टाकत, आवाज करत ते पुढे गेलं आणि मागे स्वच्छ सरी उरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामगारांपैकी कुणी टाळी वाजवली नाही. त्यातली एक बाई पुढे आली आणि साळवे बाईंना म्हणाली, “बाई, ह्ये आमचं काम खानार व्हय?”

मला वाटलं, बाई काहीतरी धीराचं बोलतील. त्या म्हणाल्या, “खाईल. आज नाही, पण खाईल.” मग म्हणाल्या, “माझी आई पाथर्डीकडून तोडीला यायची. चाळिशीतच तिची कंबर गेली, पुढं कधी सरळ उभी राहिली नाही. म्हणून यंत्र येऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण ते चोरून येऊ नये. ज्यांचं काम जाणार त्यांना आधी दिसलं पाहिजे. लेकरं शाळेत आहेत का?”

“दोगं हायेत. थोरली हितं आलीय संगं.”

“तिला गावी परत पाठव. मुकादमाला मी सांगते, चल.” आणि गर्दी, पत्रकार, आबा सगळ्यांना तिथंच सोडून त्या तिच्याबरोबर कोप्यांकडे निघाल्या. पाठमोऱ्या बाई मी बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला त्यांच्या आईची गोष्ट माहीत नव्हती.

यंत्र परत जाताना एक पातं दगडावर आपटून तुटलेलं होतं. बाईंनी दोन्ही तुकडे शोधायला लावले. “तुटलं तरी दोन तुकडे मिळून एकच नग,” म्हणत कापडात बांधून खोक्यात ठेवले आणि यादीत तसंच लिहिलं. बंदरावर काही अडलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची लेक त्यांना नाशिकला घेऊन जायला आली. निघायच्या दिवशी मी भिंगारला गेले. सामान गाडीत चढलं होतं. मला एक बोलायचं राहिलं होतं, ते जमत नव्हतं. शेवटी म्हटलं, “बाई, मंडपात त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. ते मनात ठेवू नका.”

“का नको ठेवू?” त्या म्हणाल्या. “अगं, तू चिडलीस म्हणून मी मुंबईला गेले. नाहीतर नुसतं नाही म्हणून याद्या लावत बसले असते. आयुष्यभर तेच केलं मी डेपोत. नाही म्हणणं सोपं असतं, मनीषा. खरं काम त्याच्यापुढं असतं.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला, लेकीला म्हणाल्या, “चल,” आणि गाडीत बसल्या.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. परवा कोरियाहून आलेल्या पेरणी यंत्राचा प्रतिनिधी आला. त्याला ते मैदानाबाहेर एका गावात न्यायचं होतं. मी कागद बघितले आणि सरळ सांगितलं, “नाही जायचं.” तो हिरमुसून उठायला लागला.

“बसा,” मी म्हटलं, आणि कोरा कागद पुढे ओढला. “आता सांगा, तुम्हाला नक्की काय दाखवायचंय, आणि कुणाला?”