खाट खाली ठेवली तो दिवस

आमच्या कॉलेजात भूगोलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. पृथ्वीचा अभ्यास करायला पृथ्वीपासून सेहेचाळीस पायऱ्या दूर जायचं, यातली गंमत मी तीन वर्षं एकट्यानेच उपभोगली. माझा डावा पाय जन्मापासून चार बोटं आखूड. जाड तळव्याचा बूट आणि जिन्याचा कठडा यांच्या भरवशावर मी वर पोचायचो, आणि धाप लागलीच नाही असं दाखवायचो. कोणी हात पुढे केला की मला राग यायचा. या रागाला मी स्वाभिमान म्हणत असे.

वर्गातली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर यायची. सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली, घरी धानाची शेती. चंद्रपुरात मावशीकडे राहून शिकत होती. तिला वर न्यायचं काम हॉस्टेलच्या चार मुलांनी आपणहून घेतलं होतं. चौघेही गडचिरोलीच्या आतल्या गावांतले. तिकडे पावसाळ्यात नाला भरला की गाडी गावापर्यंत येत नाही. आजारी माणसाला खाटेवर घालायचं आणि खाट खांद्यावर घेऊन दवाखाना गाठायचा. अशा वेळी ज्याने खांदा दिला नाही, त्याला पुढे गावात फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे ही मुलं खुर्ची उचलायची ती अशी, की मांडीवरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलू नये. पुढचे दोघे वाकायचे, मागचे दोघे हात उंच करायचे, आणि तोंडातून शब्द नाही.

प्राचार्यांनी या दृश्याचा फोटो काढवला आणि मोठा फ्लेक्स करून जिन्याच्या तोंडाशी टांगला. वर अक्षरं : 'आमची माणुसकी'. फोटोत चौघे दिसत होते, ऐनवेळी मधे शिरलेले प्राचार्य दिसत होते. खुर्चीतल्या मुलीचा चेहरा कोणाच्या तरी कोपराआड गेला होता.

ती आणि मी धरून आम्ही सहा अपंग विद्यार्थी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जमायचो. पायरी नसलेली कॉलेजातली तेवढीच एक जागा. कोणाला दिसत नव्हतं, कोणाला ऐकू येत नव्हतं. सगळ्यांचं मिळून दोन-तीन धडधाकट माणसांपुरतं सामान सहज निघालं असतं. पहिले दोन महिने आमच्या मंडळाचं नाव काय ठेवायचं यावर आम्ही भांडलो. म्हणजे रीतसर मंडळ झालो.

दसऱ्याच्या सुमाराला ती मुलगी आठ दिवस आली नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला. पत्र्याखाली तिने एकदाचं सांगितलं.

"लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. दुसऱ्यांदा. मी सकाळी सातपासून पाणीच पेत नाई न."

"काऊन?" एकाने कारण विचारलं.

"वर्ग वर हाय, संडास खाली हाय. पाणी पेलं त चार पोट्ट्यायले सांगा लागते, भाऊ, मले खाली न्या. दिवसातून एकदा सांगवते. दोनदा नाई सांगवत."

तीन वर्षं मी तिच्या शेजारच्या बाकावर होतो आणि तिला तहान लागत नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

"बाबा म्हणते, तब्येत राह्यली त शिक्षण. दिवाळीनंतर घरीच राह्य, परीक्षा बाहेरून दे." मग हळूच म्हणाली, "मले घरी नाई जायचं."

अर्ज घेऊन आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. तळमजल्यावरची एक खोली बंद असते, तिथे वर्ग आणा, एवढंच मागणं. त्या खोलीत जुने फ्लेक्स, सत्काराची उरलेली स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांच्या गादीच्या खुर्च्या होत्या.

"पण तक्रार कोणाची आहे?" प्राचार्य म्हणाले. "मुलं तर आनंदाने उचलतात. आणि हा बघा," माझ्याकडे बोट करून, "हा एकटा चढतो! याला म्हणतात जिद्द."

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या चौघांना पत्र्याखाली बोलावलं. "उद्यापासून मले उचलू नका, भाऊ."

त्यांच्यातला उंच मुलगा एकदम पडेल आवाजात म्हणाला, "आमच्याकून काई चुकलं का, ताई?"

"नाई."

"मंग? खांदा नाई देल्ला त आमच्या इकडं माणसात धरत नाई."

"खाट दवाखान्यात पोचली का खाली ठेवता ना?"

"ठेवतो."

"मंग मले तीन वर्षापासून वाहून राह्यले. आला का दवाखाना?"

तो म्हणाला, "गोष्ट त बरोबर हाय. पण समोर माणूस असताना हात बांधून बसनं लय कठीन हाय, ताई."

"सोपं आहे," मी म्हणालो. "मी शिकवतो."

"तू गप," ती माझ्यावर उखडली. "तू दात आवळून चढते, म्हणूनच सर म्हणते का त्याले जमते. तुह्या जिद्दीपायी माह्या अर्जावर चहा भेटला, खोली नाई भेटली."

 

त्याच आठवड्यात कॉलेजची पाहणी करायला समिती आली. प्राचार्यांना माणुसकी प्रत्यक्ष दाखवायची होती. साडेदहाला हार घातलेले तिघे पाहुणे जिन्यापाशी आणले गेले. खाली ती खुर्चीत. सगळ्यांत खालच्या पायरीवर ते चौघे बसलेले, आणि त्यांच्या शेजारी मी. जिना अडल्यामुळे बाकीचा वर्गही खालीच खोळंबलेला.

"उचला," प्राचार्य हसत म्हणाले.

कोणी हललं नाही.

"अरे, उचला ना."

उंच मुलगा मान राखून उभा राहिला. "सर, खाट खाली ठेवली," एवढं म्हणून तो परत बसला. मग त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. त्यांच्याकडची रीत अशी, की खाट टेकवली की पहिलं पाणी खाटेवरच्या माणसाला. वाहणाऱ्यांनी नंतर प्यायचं. त्याने बाटली तिच्या हातात दिली.

तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ती पाणी प्यायली. घाई न करता, बाटली रिकामी होईपर्यंत. मी पुष्कळ सत्कार पाहिलेत. इतक्या शांतपणे, इतक्या लोकांनी पाहिलेलं काही आठवत नाही.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "मग ही वर जाणार कशी?"

"मी नाई जात, मॅडम," ती म्हणाली. "वर्ग खाली येईन."

तेवढ्यात भूगोलाचे सर काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन जिना उतरले. वर रिकामा वर्ग, म्हणून मुलं शोधत आले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. फ्लेक्स ज्या खिळ्याला टांगला होता, त्याच खिळ्याला, त्याच्यावरून, नकाशा अडकवला. "वैनगंगेचं खोरं," म्हणाले आणि शिकवायला लागले. तास संपेपर्यंत पाहुणे उभेच होते, कारण त्यांच्या खुर्च्या बंद खोलीत होत्या. जिन्यातल्या शिक्षणाचा हा प्रयोग मुळात आपलाच, असं प्राचार्यांनी संध्याकाळच्या भाषणात सांगितलं.

दिवाळीआधी खोली उघडली. ती रिकामी करायचं आणि वरचे बाक खाली आणायचं काम अर्थातच त्या चौघांनी केलं. पुन्हा काहीतरी उचलायला मिळाल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. स्मृतिचिन्हांनासुद्धा त्यांनी पेशंटसारखं जपून नेलं.

दिवाळीनंतर ती आली. मी नव्या वर्गात जाऊन बसलो. धाप लागली नव्हती, आणि लागली नाही असं दाखवायचंही नव्हतं. त्या सेहेचाळीस पायऱ्यांनी पाय किती दुखायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

तिची रिकामी बाटली माझ्या खांद्यावर आपटली.

"बसून काऊन राह्यला? भरून आण. तिसरी हाय आजची."

मी उठलो. दारात उंच मुलाने हात पुढे केला, "दे, मी आणतो."

"चल," मी म्हणालो, "दोघं जाऊ." राग वगैरे काही आला नाही.