कात्रीची खाच

मी सांगलीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि एका बाबतीत मला भलतीच घमेंड आहे. प्राण्याचा तुकडा दाखवा, मी प्राणी सांगते. खवला, नख, शिंग, कातडं, काहीही चालतं. वनखात्याचे लोक वर्षातून दोनचारदा बोलावतात, तेव्हा बरोबरचे प्राध्यापक चिडवतात, "निघाल्या मॅडम मुडद्यांची हजेरी घ्यायला." मी हसते आणि स्कूटरला किक मारते. हजेरी कुणी तरी घ्यायला हवीच ना.

ही विद्या मला कॉलेजनं दिलेली नाही. माझं माहेर माण तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. आमच्याकडं प्रत्येक घराची खूण मेंढराच्या कानावर कापलेली असते. कुणाची टोकाला, कुणाची कडेला, कुणाच्या दोन. कळपात कळप मिसळला आणि भांडण लागलं की आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, बोलावणं यायचं. आप्पा घोंगडं अंथरून बसायचे आणि म्हणायचे, "मेंढरू आणा, मालक लांब उभं करा." मेंढरू कुणाचं म्हणतात ते त्यांना आधी सांगायचं नाही, असा रिवाज होता. जुनी खूण मिटवायला कुणी वर मोठा काप मारला असेल, तर तोही ते बोटानं चाचपून ओळखायचे. जुन्या कापाची कड गोल होते, नव्याची बोटाला टोचते. मग काय दिसलं ते सगळं सांगायचे. मी एकदा विचारलं, "भांडण मिटवायला थोडं कमी सांगितलं तर?" ते म्हणाले, "निवडून सांगायचं आसंल तर बघायला बसूच न्हाई."

हे ऐकायला आम्ही दोघं असायचो. मी आणि शेजारचा दादा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बिनबापाचा. त्याचं अर्धं बालपण आमच्याच अंगणात गेलं. मला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळते, आजतागायत.

आठ वर्षांची असताना मी आप्पांची लोकर कातरायची कात्री घेऊन कुंपणाची तार तोडायला गेले. तार तुटली नाही, पात्याला टोकापासून दोन बोटांवर खाच पडली. आप्पांचा त्या कात्रीवर जिवापाड जीव. ते ओरडत आले तेव्हा माझी बोबडीच वळली. दादा पुढं झाला आणि म्हणाला, "माझ्या हातनं झालं." दोन दणके खाल्ले त्यानं. त्या कात्रीनं पुढं जेवढी मेंढरं कातरली, त्यांच्या अंगावर प्रत्येक कापामागं लोकरीची एक बारीक शेंडी उभी राहायची. आप्पा कुरकुरायचे, पण कात्री काही बदलली नाही. खरं काय ते मीही कधी बोलले नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वनखात्याचा फोन आला. उंब्रजला एक ट्रक धरला होता. वर सुकट-बोंबलाची पोती, खाली शार्कचे सुकवलेले पंख. साताऱ्यात माल जमा होता, ओळखून द्यायचा होता. दुष्काळी भागातल्या बाईला समुद्रातलं काय कळतं, असं वाटेल कुणाला. मला कळतं. पाठीवरचा पंख, बाजूचा पंख, आकार, कड, त्वचेचा खरखरीतपणा, सगळं बोलतं.

इथं कायदा थोडा सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. परदेशात या पंखांचं सूप करतात, म्हणून शार्कचे पंख देशाबाहेर पाठवायला आपल्याकडं बंदी आहे, शार्क कुठलाही असो. पण किनाऱ्यावर मुशी म्हणून जो साधा शार्क बाजारात विकतात, त्याचे पंख देशातल्या देशात नेले तर तो गुन्हा होत नाही. संरक्षित यादीतल्या शार्कचा मात्र एक पंख सापडला तरी तुरुंग. म्हणजे ट्रकवाला घरी जाणार की आत, हे मी काय सांगते त्यावर होतं.

मी आप्पांचाच रिवाज लावला. अधिकाऱ्यांना म्हटलं, "ट्रक कुणाचा, ड्रायव्हर कुठला, मला सांगू नका. पंखांना फक्त नंबर घाला." ते गमतीनं म्हणाले, "मॅडम, न्यायाधीशीणबाईच झालात." मी म्हटलं, "त्यांच्यापेक्षा कडक."

पहिले चाळीसएक साध्या मुशीचे निघाले. त्यानंतरचे काही रुंद, टोकाशी गोलसर असायला हवे होते, पण टोकंच नव्हती. खोल समुद्रातल्या एका शार्कच्या पंखांची टोकं पांढरी असतात, लांबून ओळखू येतात. तो यादीत आहे. कुणी तरी पांढरं तेवढं कापून काढलं होतं. मला मजाच वाटली. कानावरची खूण मिटवणारे आमच्याकडंही होते आणि तेही असेच पकडले जायचे. बुडाशी त्वचा तपासली, मापं घेतली, शंका उरली नाही. डीएनएसाठी तुकडे काढून ठेवले.

मग कापाची कड बघितली. ती सुरीची नव्हती. सुरी एका दमात जाते. इथं काप टप्प्याटप्प्यानं होता, दोन पाती एकमेकांवर दाबल्यासारखा. लोकर कातरायची कात्री. खोलीतल्या कुणालाही हे दिसलं नसतं. मी खुशीत वहीत लिहिलं सुद्धा. आणि मग प्रत्येक कडेवर एक बारीक शेंडी दिसली, न कापली गेलेली. मी पट्टी लावली. टोकापासून दोन बोटं. दुसरा पंख घेतला, तिसरा घेतला. सगळीकडं तेच.

पट्टी तिथंच टाकली. बाहेर व्हरांड्यात जाऊन आप्पांना फोन लावला.

"आप्पा, आपली कात्री कुठं हाय?"

"खुंटीला. का गं?"

"मधी कुणी नेली हुती?"

"दादानं नेली हुती आठ दिस. लय दिसानं ट्रक घेऊन घरी आलता. परत दिली ती रॉकेलनं धुऊन. तरी मेंढरं तिच्या वासानं बिथरली बग." मग त्यांचा आवाज उतरला. "अगं, त्याची आय सकाळपासनं आपल्या दारात रडत बसलीया. त्याला उंब्रजला धरलंय म्हनं. पोत्यात काय हाय ते त्याला ठावंच न्हवतं, असं सांगतीया."

मी फोन ठेवला. खरं सांगते, पहिला विचार आला तो असा की मला फक्त प्राणी विचारलाय, कात्री कुणी विचारलेली नाही. वहीचं एक पान फाडलं की संपलं. दादा म्हणेल, मला काय माहीत, आणि सुटेलही. मी त्या व्हरांड्यात उभी राहून त्याच्यावर इतकी चिडले की डोळ्यांत पाणी आलं. गाढवा, एवढ्या जगात तुला हीच कात्री मिळाली?

पण मला माहीत होतं त्यानं ती का नेली. अर्धवट सुकलेलं जाड कातडं सरळ कापायला तिच्याइतकं चांगलं काही नाही आणि ती हातात धरायला आम्ही दोघं एकाच अंगणात शिकलो होतो. खाचेची खूण पंखावर उठेल हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

मी आत गेले. अधिकाऱ्यांना म्हटलं, ट्रकवाला माझ्या भावासारखा आहे, पंखांची ओळख दुसऱ्याकडून परत करून घ्या. दुसऱ्यानं केलेली ओळखही पुढं माझ्यासारखीच निघाली. कात्रीचं मात्र माझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नव्हतं. ते मी जबाबात सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "ही खाच तुम्ही एवढ्या खात्रीनं कशी ओळखता?"

"ती मी पाडली," मी म्हटलं. "आठ वर्षांची होते."

आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या गाडीतून गावी गेले. दादाची आई उठून माझे हात धरायला आली. मी म्हटलं, "काकी, त्याला ठावं हुतं. त्यानंच टोकं कापली." ती मटकन खाली बसली. आप्पांनी खुंटीवरची कात्री काढली, फडक्यात गुंडाळली आणि अधिकाऱ्यांच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "खाचंवरनं वळखलीस?"

"व्हय. आणि आप्पा, ती खाच त्यानं न्हाई, मी पाडली हुती."

"म्हंजी पोरानं फुकाट मार खाल्ला," ते एवढंच म्हणाले.

दादाला जामीन मिळाला दिवाळीच्या तोंडावर. साक्षीदारानं आरोपीला ओवाळू नये असा काही नियम असेल तर असो. मी भाऊबीजेला गावी गेले, पाट मांडला, रांगोळी काढली. तो येईल असं मला वाटत नव्हतं. आला. टोपी घालून पाटावर बसला, नजर खाली. आप्पा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"गड्या," ते म्हणाले, "ते खाचंचं मला आत्ता कळलं. त्या वक्ताला चुकलं माझं."

दादानं झटकन माझ्याकडं बघितलं. "तू सांगितलंस?"

"समदं सांगितलं. तुझं बी, माझं बी."

निरांजनाची वात वाकडी झाली होती, ती मी नीट केली.

"पोती ज्यानं दिली त्याचं नाव मी अजून घेतलं न्हाई," दादा म्हणाला. "तो म्हनतो, गप ऱ्हा, मी सोडवतो. वकील बी त्यानंच दिलाय." त्यानं टोपी सरळ केली. "उद्या साताऱ्याला जातो. मी बी समदंच सांगतो. संगं येशील?"

"येते," मी म्हटलं आणि ताट उचललं.