कोळशाचा मनोरा आणि आईची चुंबळ

निवृत्त झाल्यावर लातूरच्या घरात, वरच्या खोलीत, मी छोटी आगगाडी मांडली. "म्हातारपणी खुळखुळा घेतला म्हणायचा," बायको म्हणते. म्हणू दे. मला त्या मांडणीत एकच गोष्ट हवी होती, माझ्या आईसाठी जागा.

आई मुदखेडला वाफेच्या इंजिनांत कोळसा भरायची. गुत्तेदाराकडे, रोजंदारीवर. डोक्यावर भरली टोपली घेऊन डुगडुगत्या फळीवर चढायचं, इंजिनामागच्या डब्यात ती उपडी करायची, की परत खाली. ती इंजिनं बंद झाली, काम गेलं, पण खोकला आणि वाकडी झालेली मान तिच्याकडेच राहिली. शेवटच्या आजारपणात तिला उशी चालायची नाही. "डोकं हलकं हलकं लागून राहिलंय रे," म्हणायची आणि चुंबळ मागायची. लुगड्याच्या चिंधीची ती चुंबळ, जन्मभर टोपलीखाली घातलेली. मीच ती वळून तिच्या डोक्याखाली ठेवायचो.

मागवलेल्या संचात कोळशाचा मनोरा निघाला. आमच्या मुदखेडला असलं काही नव्हतं. मालगाडीच्या वाघिणीतला कोळसा खालच्या खड्ड्यात ओततात, साखळीला लावलेल्या बादल्या तो वरच्या कोठीत नेऊन टाकतात. इंजिन खाली येऊन थांबलं की पन्हळीचं झाकण उघडायचं, कोळसा आपल्याच वजनानं धडाधडा डब्यात. मग धूळ बसावी म्हणून वरून पाणी मारायचं. मी चुलीतला कोळसा कुटला, चाळला, कोठीत भरला आणि झाकण उघडलं. पडला! मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

मग आईकडे वळलो. संचातल्या माणसांत टोपीवाले साहेब होते, छत्रीवाली मडम होती, एक कुत्रंसुद्धा होतं. टोपलीवाली बाई तेवढी नव्हती. म्हणून काडेपेटीच्या काडीवर कणकेची आई केली. हिरवं लुगडं रंगवलं, डोक्यावर दोऱ्याची चुंबळ, तिच्यावर टोपली. मनोऱ्याशेजारी उभी केली.

बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची. शेवटी शेवटी आईची मान शेकायचीही तीच.

"कोळसा तर हे यंत्रच टाकून राहिलंय," ती म्हणाली. "मग आत्याबाई टोपली घिऊन कामून उभ्या हायेत?"

मनोरा असता तर आईची मान वाचली असती. आणि मनोरा असता तर आईला काम मिळालं नसतं, चूल पेटली नसती, मी शिकलोही नसतो. मला भयंकर राग आला, पण कुणावर ते कळेना.

मनोरा काढायचा, तर आईला परत फळीवर चढवायचं. ते माझ्यानं होईना. चहा तसाच निवला.

शेवटी तिच्या डोक्यावरची टोपली काढली आणि मनोऱ्याच्या सावलीत उपडी घातली. तिला त्यावर बसवायला गेलो, तर वाळलेली कणीक तडकली. "थांबा, मी मळून आणते," म्हणत बायको खाली गेली. नवी आई आम्ही दोघांनी मिळून केली. डोक्यावर तीच चुंबळ ठेवली, टोपलीवर बसवली, मांडीवर हात ठेवले. कामावर असं बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आता चुंबळ काढू का?" बायकोनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "डोकं हलकं लागंल तिला."