बंगल्यावरच्या कुरडया

गव्हाच्या शिजत्या चिकाचा वास आला की मला दिल्लीतला आमचा सरकारी बंगला आठवतो. वडील तेव्हा केंद्रात मंत्री होते, आणि आईनं कुरडया घालायला नेमकी परदेशी पाहुणे यायची सकाळ धरली. हिरवळभर तिच्या जुन्या साड्या आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. "अगं, पाहुणं येत्यात, उचल हे!" वडील ओरडले. "वल्या कशा उचलू? मोडत्याल की!" म्हणत तिनं बंदूकवाल्या जवानाला वाटीभर चीक खाऊ घातला आणि कावळे हाकायला उभं केलं. पाहुण्यांनीही दूध-गुळातला चीक उभ्याउभ्याच चाटूनपुसून खाल्ला आणि वाटी पुन्हा पुढं केली. आता गावी न्हावऱ्यात गच्चीवर मी कुरडया घालते, पण निम्म्या कावळेच नेतात. तसला बंदोबस्त आता कुठून आणू?