त्यांचा फासा

रुग्णालयात माझ्या भावाच्या शेजारच्या खाटेवर एक काका आहेत. पक्षाघातानंतर ते डोळे उघडतात, पण अंग हलत नाही. दुपारी भेटायला सोडलं की काकू फोनवर लुडो उघडतात, आपला फासा टाकतात आणि फोन काकांच्या बोटाखाली धरतात.

"अहो, टाका आता."

बोट तसंच राहतं. स्क्रीन मंद होऊ लागली की काकू कोपऱ्यात हलकेच बोट टेकवून ती जागी ठेवतात. काकांचा फासा मात्र टाकत नाहीत. दुसऱ्याचा फासा आपण टाकायचा नसतो, हे आपण सगळेच लहानपणी भांडून भांडून शिकलोय. खेळता खेळता कुणी पाणी प्यायला उठला तर बाकीचे पटाभोवती बसून राहायचे. तो परत येणार, यात शंका कसली असायची?

काल न राहवून मी म्हणालो, "काकू, यात समोर माणूस नसला तरी चालतं. फोन स्वतःच खेळतो."

"माहीत आहे," स्क्रीन पुन्हा उजळत त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर एकटीने तेच करायचंय."